बायफेशियल पॅनेलच्या मागे पडणाऱ्या स्ट्रक्चरच्या सावलीचा हिशोब कसा करावा

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून इंदूरमध्ये राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा वस्त्यांतील गच्च्यांवर सौर पॅनेल झपाट्याने वाढली असून त्यांत दोन्ही बाजूंनी वीज देणारी, म्हणजे बायफेशियल पॅनेल पुष्कळ आहेत. कंत्राटदाराने दिलेल्या वार्षिक उत्पादनाच्या अहवालात बहुधा शेवटच्या पानावर एक ओळ असते: मागील बाजूवर स्ट्रक्चरची सावली, ५ टक्के. हा आकडा आपल्या गच्चीवरच्या स्ट्रक्चरकडे, म्हणजे पॅनेल ज्यावर बसवलेली असतात त्या धातूच्या सांगाड्याकडे, पाहून काढलेला असेलच असे नाही. पीव्हीसिस्ट या सौर उत्पादनाचा अंदाज काढणाऱ्या संगणक प्रणालीत तो आधीपासून भरलेला असतो आणि कोणी बदलला नाही तर तसाच छापला जातो. मेजरटेप, साधा कॅल्क्युलेटर, दोन लहान सौर सेल आणि एक मल्टिमीटर एवढ्या साहित्यात आपल्या स्वतःच्या स्ट्रक्चरचा आकडा काढता येतो. तो कसा काढावा आणि कुठे वापरावा, हे येथे क्रमाने मांडले आहे.

टक्का कशाचा, हे आधी ठरवावे

या विषयातील बहुतेक गैरसमज एकाच ठिकाणी होतात. स्ट्रक्चरच्या सावलीचा टक्का हा मागील बाजूवर पडणाऱ्या प्रकाशाचा असतो. एकूण विजेचा नसतो. पुढील बाजूवर चौरस मीटरला १००० वॉट ऊन पडत असताना मागील बाजूवर १०० वॉट पोचत असेल आणि पॅनेलची बायफेशियलिटी, म्हणजे मागच्या बाजूची पुढच्या तुलनेतील कार्यक्षमता, ०.८ असेल, तर मागच्या बाजूचे खरे योगदान ८० वॉटच्या तोडीचे होते आणि एकूण हिशोब १०८० चा होतो. अशा पॅनेलवर मागचा दहा टक्के प्रकाश स्ट्रक्चरने अडवला, तर नुकसान १०८० पैकी ८, म्हणजे पाऊण टक्क्यापेक्षाही थोडे कमी असते. हा छेद मनात पक्का नसेल, तर मनुष्य एक तर विनाकारण धास्तावतो, नाही तर खरोखर मोठे असलेले नुकसान किरकोळ समजून सोडून देतो.

बायफेशियलिटीचा आकडा पॅनेलच्या माहितीपत्रकात मिळतो. पर्क प्रकारच्या सेलमध्ये तो साधारण ०.७, टॉपकॉनमध्ये ०.८ च्या आसपास आणि हेटेरोजंक्शनमध्ये त्याहून जास्त असतो. मागचा प्रकाश पुढच्या प्रकाशाच्या किती टक्के आहे, हे मात्र माहितीपत्रकात शोधू नये. आयईसी ६१२१५ या मानकाच्या २०२१ च्या आवृत्तीत बायफेशियल पॅनेलच्या नामफलकासाठी पुढून १००० आणि मागून १३५ वॉट प्रति चौरस मीटर अशी स्थिती धरलेली आहे. ती तुलनेसाठी ठरवलेली प्रमाण स्थिती आहे. आपल्या गच्चीवर तेवढा प्रकाश मागून मिळेल, असे वचन त्यात नाही. उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना किंवा उष्णतारोधक रंग मारलेल्या गच्चीवर, आठ-नऊ फूट उंच स्ट्रक्चरखाली, मागचा प्रकाश भरपूर असतो. जुन्या, काळवंडलेल्या कोब्यावर वीतभर उंचीवर बसवलेल्या पॅनेलला तो फारच थोडा मिळतो. शहराबाहेर माळव्याच्या काळ्या मातीत उभ्या केलेल्या पॅनेलची परिस्थितीही अशीच हलकी असते, कारण ती माती, विशेषतः ओली असताना, आलेल्या उन्हाचा लहानसा भागच परत फेकते.

मेजरटेपने काढायचा अंदाज

पॅनेल ज्या आडव्या पट्टीवर क्लॅम्पने धरलेले असते, तिला कोणी रेल म्हणते, कोणी पर्लिन. येथे रेल हा शब्द वापरला आहे. तिची तीन मापे घ्यावीत: पॅनेलकडे तोंड असलेल्या वरच्या बाजूची रुंदी, रेलची खोली म्हणजे वरून खालपर्यंतची उंची, आणि पॅनेलमधील सेलच्या पातळीपासून रेलच्या वरच्या बाजूपर्यंतचे अंतर. फ्रेम ३५ मिलिमीटरची असेल आणि ती थेट रेलवर टेकलेली असेल, तर हे अंतर सुमारे ३० मिलिमीटर धरावे.

आता एक नियम सांगतो, जो मला या सगळ्या विषयात सर्वांत उपयोगी वाटतो. मागून येणारा प्रकाश सर्व दिशांनी सारखा येतो असे मानले, तर एक लांब रेल जितका प्रकाश अडवते, तो तिची रुंदी अधिक तिची खोली एवढ्या रुंदीचा पट्टा पूर्ण काळा झाल्याइतका असतो. कारण असे की, रेलच्या वरच्या बाजूला समोर फक्त पॅनेलच दिसते, म्हणून ती बाजू पूर्ण मोजावी लागते. दोन्ही उभ्या बाजूंना अर्धे पॅनेल आणि अर्धी जमीन दिसते, म्हणून त्या प्रत्येकी निम्म्या मोजल्या जातात आणि दोन निम्मे मिळून एक पूर्ण खोली होते. ४१ बाय ४१ मिलिमीटरच्या चॅनेलची एक रेल म्हणजे ८२ मिलिमीटरचा काळा पट्टा. रुंदी तीच ठेवून खोली ६२ केली, तर पट्टा १०३ चा होतो. स्ट्रक्चर निवडताना सगळ्यांचे लक्ष रुंदीकडे असते आणि खोलीचा विचार फक्त मजबुतीपुरता होतो, पण प्रकाशाच्या हिशोबात दोन्हींचे वजन सारखे आहे.

सध्या सर्रास मिळणाऱ्या १४४ अर्ध्या सेलच्या पॅनेलची लांबी २२७८ मिलिमीटर असते. त्याच्या लांबीला काटकोनात दोन रेल जात असतील, तर दोनदा ८२ म्हणजे १६४ भागिले २२७८, म्हणजे ७.२ टक्के. या रेलच्या खाली त्यांना आधार देणारे राफ्टर असतात. ते ६० मिलिमीटर रुंद, ४० मिलिमीटर खोल आणि दर दोन पॅनेलमागे एक, म्हणजे साधारण २२६८ मिलिमीटरवर एक असतील, तर त्यांचे १०० भागिले २२६८, म्हणजे ४.४ टक्के होतात. हे दोन आकडे सरळ मिळवू नयेत, कारण रेलने आधीच अडवलेला प्रकाश राफ्टर पुन्हा अडवू शकत नाही. रेलमधून निसटलेला ९२.८ टक्के आणि राफ्टरमधून निसटलेला ९५.६ टक्के यांचा गुणाकार करावा, ८८.७ टक्के प्रकाश पोचतो, म्हणजे नुकसान ११.३ टक्के. अहवालातील ५ टक्क्यांच्या हे दुपटीहून अधिक आहे, आणि तरीही वरच्या उदाहरणातील पॅनेलवर, जेथे १०८ भागांपैकी ८ भाग मागून येतात, एकूण विजेत ते ०.८ टक्क्यांच्या आसपासच बसते. दर किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट हा नेहमीचा ठोकताळा धरला, तर तीन किलोवॉटच्या घरगुती संयंत्रात वर्षाला ३५ ते ४० युनिटांचा हा प्रश्न आहे.

हा अंदाज वरच्या मर्यादेचा समजावा. प्रत्यक्षात जस्ताचा थर दिलेल्या रेलच्या उभ्या बाजू स्वतःवर पडलेला काही प्रकाश पॅनेलकडे परत पाठवतात. फार तिरका येणारा प्रकाश काचेवरून तसाही बराच परावर्तित होतो, त्यामुळे तो अडला तरी तितके नुकसान होत नाही. शिवाय ओळीच्या टोकाशी रेलची थोडी सावली पॅनेलच्या बाहेर जाते. पॅनेलच्या पाठीवरचा, जेथून वायरी बाहेर येतात तो जंक्शन बॉक्स मात्र या हिशोबात वेगळा धरू नये, कारण बायफेशियलिटी पूर्ण पॅनेलवर मोजली जाते आणि त्याचा परिणाम तेथेच आलेला असतो.

वाचकाच्या लक्षात आले असेल की, या नियमात रेल आणि सेल यांच्यातील अंतर कुठेच आले नाही. पॅनेल रेलपासून उचलून बसवले की सावलीचे नुकसान कमी होते, असे अनेकदा सांगितले जाते, पण अंतर वाढल्याने हरवलेला प्रकाश परत मिळत नाही. तो तोटा फक्त अधिक सेलवर पसरतो. रेलच्या अगदी मध्यावर असलेल्या बिंदूवर किती प्रकाश अडतो, हे काढायचे असेल तर रेलच्या निम्म्या रुंदीला अंतराने भागावे, तो ज्या कोनाचा टॅन्जंट असेल त्या कोनाचा साइन घ्यावा. ४१ मिलिमीटरच्या रेलसाठी ३० मिलिमीटर अंतरावर हे उत्तर ५६ टक्के येते, ६० वर ३२ टक्के आणि १०० वर २० टक्के. रेलवरच्या प्रकाशात पडलेला हा खड्डा उथळ होतो, पण तितकाच रुंदही होतो. उथळ खड्ड्याचा फायदा खरा आहे, पण तो वेगळ्या खात्यात मोडतो आणि तो पुढे मिसमॅचच्या, म्हणजे एका माळेतील सेलना असमान प्रकाश मिळाल्याने होणाऱ्या नुकसानाच्या, हिशोबात येईल.

गच्चीवरची मोजणी

मेजरटेपचा आकडा हाती आल्यावर तो प्रत्यक्ष पडताळणे कष्टाचे आहे, पण अवघड नाही. पन्नासेक मिलिअँपिअर प्रवाह देणारे, वीस मिलिमीटरपेक्षा अरुंद असे दोन एकसारखे सिलिकॉन सेल घ्यावेत. सेलचा शॉर्ट-सर्किट प्रवाह, म्हणजे त्याची दोन टोके थेट जोडल्यावर वाहणारा प्रवाह, त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात असतो, म्हणून मल्टिमीटर मिलिअँपिअरच्या पट्टीवर ठेवून वाचलेला आकडा तुलनेसाठी पुरेसा आहे. मोजणी फक्त या सुट्या सेलवर करायची आहे. पॅनेलच्या स्वतःच्या वायरी आणि कनेक्टर यांना हात लावू नये. ऊन असेपर्यंत त्यांत धोकादायक डीसी दाब असतो.

पॅनेलच्या मागील काचेवर, रेलच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना दर ५० मिलिमीटरवर ३०० मिलिमीटरपर्यंत कागदी चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून खुणा कराव्यात. एक सेल ३०० च्या खुणेवर काचेला पाठ लावून, तोंड जमिनीकडे करून कायम चिकटवावा. दुसरा सेल एकेक खुणेवर सरकवत न्यावा आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही वाचने लगोलग घ्यावीत. ऊन क्षणाक्षणाला बदलते, त्यामुळे सुटी वाचने निरुपयोगी असतात. दोन सेलच्या वाचनांचे गुणोत्तरच नोंदवावे. सुरुवातीला दोन्ही सेल शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यातील मूळ फरक टिपून ठेवावा. ३०० च्या खुणेवर रेलचा परिणाम गणिताने जेमतेम एक टक्का उरतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या ३०० च्या वाचनांमध्ये सरळ रेषा कल्पून ती रेषा बिनसावलीची पातळी मानता येते. दोन टोकांमध्ये रेषाच घ्यावी, एकच आकडा घेऊ नये, कारण पॅनेलच्या मोकळ्या कडेकडे मागचा प्रकाश मुळातच जास्त असतो आणि तो चढ सावलीच्या खात्यात जाता कामा नये.

प्रत्येक खुणेवर या रेषेपेक्षा वाचन किती टक्क्यांनी कमी आहे ते काढून त्याला ५० मिलिमीटरने गुणावे आणि सगळ्या खुणांची बेरीज करावी. बेरीज मिलिमीटरमध्ये येते आणि ती थेट रुंदी अधिक खोली या आकड्याशी ताडून पाहता येते. ४१ च्या चौकोनी रेलसाठी ती ८२ च्या जवळपास किंवा त्याहून काहीशी कमी आली, तर मोजणी सुसंगत आहे असे समजावे. ती ठळकपणे जास्त आली, तर शेजारचा राफ्टर, केबल ट्रे किंवा मोजणाऱ्याचे स्वतःचे शरीर खुणांच्या टप्प्यात आले आहे का, हे आधी पाहावे.

येथे एक बारकावा सहज सुटतो. सेल, त्याचे आवरण आणि चिकटपट्टी मिळून चार मिलिमीटर जाडी झाली, तर ३० मिलिमीटरच्या अंतरातील मोजणारी पातळी रेलपासून २६ वरच येते आणि मध्यबिंदूवरील अडवणूक ५६ ऐवजी ६२ टक्के दिसते. एकूण बेरजेत याने फारसा फरक पडत नाही, पण खड्ड्याच्या खोलीचा आकडा मिसमॅचसाठी वापरताना ही दुरुस्ती करावी.

मोजणीची वेळ ठरवताना घड्याळातील बारा वाजता मध्यान्ह होते असे धरू नये. इंदूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला असल्याने येथे सूर्य सरासरीने १२ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास माथ्याच्या रेषेत येतो. निरभ्र दिवशी साडेबाराच्या अलीकडे-पलीकडे एक फेरी, सकाळी नऊच्या आसपास एक आणि दुपारी चारच्या सुमारास एक, अशा तीन फेऱ्या घेऊन त्यांची सरासरी प्रकाशाच्या प्रमाणात काढावी. शक्य असल्यास पावसाळ्यात पूर्ण ढगाळ दिवशी आणखी एक फेरी घ्यावी, कारण त्या दिवशीचा प्रकाश आपल्या गणिताच्या गृहीतकाच्या सर्वांत जवळ असतो. मोजणीच्या दिवशी गच्चीवर वाळवण, चादरी किंवा धुतलेले कपडे नसावेत आणि मोजणाऱ्याने पांढरा सदरा घालू नये. मागच्या बाजूचा प्रकाश इतका कमी असतो की, जवळचे कोणतेही पांढरे कापड वाचनात उमटते. उंच स्ट्रक्चरखाली शिडी लावावी लागते, तेथे खाली धरणारा माणूस असल्याशिवाय चढू नये.

मिसमॅचचा वेगळा हिशोब

आतापर्यंत काढलेला आकडा हा सरासरी प्रकाशाचा आहे. पॅनेलमधील सेल एका माळेत जोडलेले असतात आणि माळेतील सर्वांत कमी प्रवाह देणारा सेल बाकीच्यांना मागे ओढतो, त्यामुळे रेलच्या थेट वर असलेल्या रांगेचा हिशोब स्वतंत्रपणे करावा लागतो. अर्धा सेल पॅनेलच्या लांबीच्या दिशेने ९१ मिलिमीटर असतो. ४१ च्या चौकोनी रेलचा मध्य अशा एका रांगेच्या मध्यावर आला आणि अंतर ३० मिलिमीटर असले, तर त्या रांगेवरचा सुमारे ४२ टक्के मागचा प्रकाश अडतो. मूळ उदाहरणात मागचे योगदान ८० होते. त्यातील सुमारे ३४ गेल्याने त्या रांगेचा प्रवाह १०८० वरून १०४६ च्या पातळीवर, म्हणजे ३.१ टक्क्यांनी खाली येतो, तर दोन रेलमुळे पॅनेलची सरासरी घट अवघी अर्धा टक्का असते.

खरे नुकसान या दोन टोकांच्या मध्ये असते आणि सामान्यतः सरासरीच्या टोकाकडे झुकलेले असते. सिलिकॉन पॅनेल ज्या बिंदूवर सर्वाधिक शक्ती देते, तेथील प्रवाह शॉर्ट-सर्किट प्रवाहापेक्षा पाचेक टक्क्यांनी कमीच असतो, त्यामुळे तीन टक्क्यांनी अशक्त झालेला सेल आपला थोडा दाब सोडून माळेचा प्रवाह बराचसा टिकवू शकतो. फार अशक्त झालेल्या सेलना वगळून प्रवाह पुढे नेणारे बायपास डायोड इतक्या किरकोळ फरकाने चालू होत नाहीत. पीव्हीसिस्टमध्ये मिसमॅचसाठी मागच्या प्रकाशाच्या १० टक्के हा आकडा आधीच भरलेला असतो; वरील उदाहरणात तो एकूण विजेच्या पाऊण टक्क्याच्या आसपास होतो आणि आपण काढलेल्या मर्यादांमध्ये बसतो, म्हणून रेल फ्रेमला टेकलेली असताना तो बदलण्याचे मला कारण दिसत नाही. रेल आणि सेल यांच्यात ६० ते १०० मिलिमीटर अंतर असेल, तर खड्डा उथळ झाल्यामुळे हा आकडा कमी करणे न्याय्य आहे. मात्र केवळ एवढ्यासाठी पॅनेलखाली उंचवटे घालू नयेत किंवा रेल सोयीच्या जागी सरकवू नये. क्लॅम्प कुठे बसवायचे याचा पट्टा उत्पादकाने वाऱ्याचा भार मोजून ठरवलेला असतो आणि तो मोडल्यास हमी जाते. अर्ध्या टक्क्यासाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही.

हा हिशोब कुठे लागू पडत नाही

येथे धरलेले समान प्रकाशाचे गृहीतक दक्षिणेकडे तोंड करून वीसेक अंशांत कललेल्या पॅनेलला बहुतांश वेळ शोभते. कर्कवृत्त इंदूरच्या थोडे उत्तरेकडून जाते, त्यामुळे जूनच्या अखेरीस सूर्य येथे पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेला उगवतो आणि उगवल्यावर अर्धा-पाऊण तास त्याचे थेट किरण पॅनेलच्या पाठीवर तिरके पडतात. संध्याकाळीही तसेच घडते. त्या वेळी रेलची धारदार पट्टेरी सावली दिसते आणि ती पाहून पुष्कळजण घाबरतात, पण ते ऊन इतके कोवळे आणि तिरके असते की, वर्षाच्या बेरजेत ते नगण्य ठरते.

कुंपणासारखी उभी, पूर्व-पश्चिम तोंडाची पॅनेल हा मात्र वेगळा प्रकार आहे. त्यांच्या प्रत्येक बाजूला अर्धा दिवस थेट ऊन मिळते, म्हणून आडव्या पट्ट्यांची आणि खांबांची सावली तेथे तासातासाने सूर्याच्या स्थानावरून काढावी लागते आणि रुंदी अधिक खोली हा नियम वापरता येत नाही. एका अक्षावर फिरणाऱ्या ट्रॅकरसाठी तो वापरता येतो, पण तेथे पॅनेलना फिरवणारी मधली गोल किंवा चौकोनी नळी, म्हणजे टॉर्क ट्यूब, पॅनेलच्या कडेजवळ आहे, दोन पॅनेलमधील फटीखाली आहे की थेट सेलखाली आहे, यावर उत्तर फार बदलते. अशा मोठ्या कामात अमेरिकेच्या एनआरईएल या अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत तयार झालेले बायफेशियल रेडियन्स हे किरणमागोवा घेणारे मोफत साधन वापरावे. त्यात रेल, ट्यूब आणि खांब त्यांच्या खऱ्या आकारात मांडता येतात.

अहवालात आकडा बदलून मागताना कंत्राटदाराला तीन गोष्टी लेखी द्याव्यात: रेल आणि राफ्टर यांची मापे व संख्या, त्यावरून काढलेली वरची मर्यादा, आणि गच्चीवरच्या मोजणीतून आलेला आकडा. पीव्हीसिस्ट मागच्या प्रकाशाचा हिशोब करताना ओळींची उंची, कल आणि जमिनीचे परावर्तन धरते, पण रेल स्वतः काढत नाही, म्हणून हा आकडा वापरणाऱ्यानेच भरायचा असतो. मोजणी उपलब्ध असेल तर तीच भरावी. नसेल तर आपल्या उदाहरणातील ११.३ सारख्या वरच्या मर्यादेऐवजी तिच्याहून थोडा खालचा, ९ किंवा १० टक्के असा आकडा भरणे मला योग्य वाटते. गच्चीला नवा पांढरा रंग दिल्यावर सावलीचा टक्का जवळपास तोच राहतो, परंतु मागच्या प्रकाशाचे प्रमाण वाढलेले असते, म्हणून त्या वेळी पुढच्या आणि मागच्या प्रकाशाचे गुणोत्तर तेवढे पुन्हा मोजून अहवालात जमिनीच्या परावर्तनाचा आकडा सुधारून घ्यावा.